बॉनेट गरम होतं

जुनी मर्सिडीज घ्यायची म्हणून तीन आठवडे मी रोज रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचत बसायचो. कुठला भाग कधी जातो, काय विचारायचं, काय तपासायचं, सगळं वहीत लिहून काढलं होतं. वही दोनशे पानी. गाडी बघायला गेलो तेव्हा ती पाठपिशवीत होती आणि पाठपिशवीतच राहिली. म्हणून हा अनुभव लिहितोय. ‘माहिती काढा’ असं सगळेच सांगतात. माझ्याकडे माहिती होती.

आम्ही राहतो जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगेनला. २०२१ चा नोव्हेंबर. चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्यांना महिनोनमहिने थांबावं लागत होतं आणि त्यामुळे जुन्या गाड्यांचे भावही चढलेले. नाशिकहून आई-बाबा येणार होते, चार बॅगा आणि शिवाय बाबांचा गुडघा. आमच्या चिमुकल्या गाडीत मागे बसून त्यांना उतरता आलं नसतं. बजेट आठ हजार युरो. एवढ्यात एखादी साधी, आठ-नऊ वर्षांची गाडी आरामात आली असती, आणि बायको तेच म्हणत होती.

पण मी जाहिरात पाहिली होती. मर्सिडीज ई ३५०, टी-मोडेल. इथे स्टेशन वॅगनला कॉम्बी म्हणतात, मर्सिडीजच्या भाषेत टी-मोडेल. पहिली नोंदणी फेब्रुवारी २००६, चाललेली १ लाख ३८ हजार किलोमीटर, किंमत ७,४०० युरो. डिकी ६९० लिटरची, मागची सीट पाडली की १,९५०. डिकीत दोन छोट्या उलट्या तोंडाच्या घडीच्या सीट. त्या फोटोत दिसल्या आणि लेकीने घरभर नाच केला. तिथेच निम्मा निर्णय झाला.

बाकीच्या निम्म्यासाठी मी स्वतःलाच वकील लावला. डिझेल नको, कारण युरो-४ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या डिझेल गाड्यांना २०१९ मध्ये श्टुटगार्ट शहरात बंदी आली होती. ही पेट्रोल आहे, म्हणजे मी किती शहाणा. रोड टॅक्स वर्षाला २३६ युरो, म्हणजे काही फार नाही. शंभर किलोमीटरला बारा लिटर पितेय? आपण असे कितीसे फिरतो! पिंपरीला टेल्कोत आयुष्य गेलेल्या मामांना फोन केला. भारतातली पहिली ई-क्लास १९९५ मध्ये त्याच पिंपरीच्या आवारात जोडली गेली, त्यामुळे या विषयात घरात मामांचा शब्द शेवटचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “अरे, तू गाडी घेतोयस की नुसती बॉनेटवरची चांदणी?”

मी हसलो. चांदणीच घेत होतो.

वहीत काय होतं ते सांगतो, कारण ते तुमच्या कामाचं आहे. या पिढीच्या टी-मोडेलला मागे स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. रबर म्हातारं झालं की फुग्यातून हवा जाते, रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी मागून बसते, आणि ती उचलता उचलता कॉम्प्रेसरही जळतो. दुसरं, २००६ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांना एसबीसी नावाचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहेत. त्या युनिटमध्ये ब्रेक किती वेळा दाबला याचा मोजणारा आकडा असतो. ठरलेली संख्या भरली की डॅशबोर्डवर वर्कशॉपला जाण्याचा लाल संदेश येतो आणि युनिट बदलावं लागतं. तिसरं, या व्ही-६ इंजिनाच्या सुरुवातीच्या काही वर्षांतल्या मालात बॅलन्स शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं, दातेरी चाक लवकर झिजतं. ते बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. मला धास्ती होती ती या तिसऱ्याची.

विक्रेता हाइलब्रॉनजवळच्या एका खेड्यात. पन्नाशीचा, अतिशय गोड बोलणारा. गाडी सासऱ्यांची, त्यांना आता चालवता येत नाही, घरात दुसऱ्या दोन गाड्या आहेत. अंगणात तिसरीही होती, चौथी अर्धी झाकलेली. ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही.

बाहेर दोन-तीन डिग्री असतील. मी गाडीजवळ गेलो, कौतुकाने बॉनेटवर हात ठेवला आणि बरं वाटलं, कारण हात गारठले होते. बॉनेट गरम होतं. वहीच्या पहिल्याच पानावर अधोरेखित केलेलं वाक्य होतं : इंजिन गार असतानाच गाडी बघायची, गरम मिळाली तर का ते विचारायचं. मी विचारलं नाही. आम्ही यायच्या आधी अर्धा तास ती चालवून आणली होती. मागचे फुगे भरून गाडी ताठ मानेने उभी होती. सकाळी आठला, न कळवता गेलो असतो तर ती मांडी घालून बसलेली दिसली असती.

ब्रेकचं मात्र विचारलं. तो म्हणाला, “युनिट नवीन टाकलंय,” आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून बिल काढून समोर धरलं. एसबीसी, रक्कम, वर्कशॉपचा शिक्का, सगळं दिसलं. त्याचा अंगठा जिथे होता तिथे गाडीचा चॅसिस नंबर असतो, हे मला घरी आल्यावर सुचलं. बिल मागितलं तेव्हा “मूळ प्रत सासऱ्यांना टॅक्ससाठी हवीय, फोटो पाठवतो” म्हणाला. फोटो आजवर आलेला नाही.

शिवाय ट्यूफ, म्हणजे इथल्या सक्तीच्या वाहन-तपासणीचा दाखला, ताजा, दोन आठवड्यांपूर्वीचा. आपल्याकडच्या लोकांना हा कागद म्हणजे गाडीला देवाने दिलेला दाखला वाटतो. ट्यूफवाला गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का आणि धूर किती सोडते ते बघतो. गिअरबॉक्स किती दिवस टिकेल, हवेचा फुगा रात्रभर हवा धरतो का, हे त्याचं काम नाही. टायर, ब्रेकपॅड असं सुरक्षेचं ठीक असलं की ट्यूफ मिळून जातो.

घासाघीस करून ६,८०० ठरले. रोख. करारात दोन ओळी होत्या ज्या मी वाचल्या आणि मान डोलावली : खाजगी विक्री, दोषांची कुठलीही जबाबदारी नाही; आणि किलोमीटर ‘मीटरवर दिसतात त्याप्रमाणे’. मीटरवर दिसतात त्याप्रमाणे! माणूस स्वतःच्या सासऱ्यांच्या गाडीबद्दल असं लिहील का? नोंदणीच्या कागदावर, ज्याला इथे ब्रीफ म्हणतात, आडनाव वेगळं होतं. सासऱ्यांचं आडनाव वेगळं असणारच, हा विचारही मीच त्याच्या वतीने केला. त्याचं ओळखपत्र मागितलं नाही. भल्या माणसाला ओळखपत्र काय मागायचं.

पहिले चार दिवस सणाचे. पाचव्या दिवशी पहाटे दव पडलं होतं आणि गाडी मागून जमिनीला टेकायला आलेली. इंजिन सुरू केल्यावर घरघर करत दोन मिनिटांत वर आली. बायको खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात लाल संदेश आला.

वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने कॉम्प्युटर लावला, युनिटवरचा स्टिकर वाचला आणि सांगितलं की हे युनिट गाडीच्या जन्मापासूनचं आहे. मग पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणाला, “एक लाख अडतीस हजार किलोमीटरमध्ये इतके ब्रेक कोणी दाबले? टपालवाला होता का मालक?” फुगे, कॉम्प्रेसर आणि ब्रेक युनिट मिळून अंदाज ४,१०० युरोचा निघाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तशी आमची कोंबडीही काही चार आण्यांची नव्हती.

त्या रात्री मी ब्रीफ पुन्हा काढला. आधीच्या मालकाचं नाव आणि पत्ता त्यावर छापलेला असतो. खरेदीच्या दिवशी हा कागद दहा मिनिटं माझ्या हातात होता. रॉयटलिंगेनच्या बाजूचं गाव. मोडक्या जर्मनमध्ये पत्र लिहिलं, सोबत गाडीचा फोटो.

आठ दिवसांत जाड पाकीट आलं. आजोबा ऐंशीच्या पुढचे असावेत, अक्षर शाळामास्तरांसारखं. त्यांना जावईच नाही. गाडी त्यांनी २०२० मध्ये नवी घेताना एका डीलरला बदल्यात दिली होती, तेव्हा मीटरवर २ लाख ४१ हजार होते. सोबत शेवटच्या ट्यूफच्या अहवालाची प्रत, त्यावर किलोमीटर छापलेले. ‘मागची बाजू रात्री बसते हे मी त्या गृहस्थांना सांगितलं होतं,’ असंही लिहिलं होतं. आणि एक जुनं बिल : बॅलन्स शाफ्ट २०१४ मध्येच बदललेला. ज्याची धास्ती होती तेवढं एक इंजिन ठणठणीत निघालं. खाली ताजा कलम : ‘माझ्या गाडीला सांभाळा.’ ते वाचून मात्र मला रडू आलं.

एक लाखावर किलोमीटर मीटरवरून पुसले गेले होते. इथे २००५ पासून हा गुन्हा आहे, कैदही होऊ शकते. वकीलबाई म्हणाल्या, करारात ‘जबाबदारी नाही’ लिहिलेलं असलं तरी विकणाऱ्याने जाणूनबुजून फसवलं असेल तर ते वाक्य त्याला वाचवत नाही. मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यांनी पुढचं वाक्य सावकाश उच्चारलं : पण त्याला माहीत होतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. आजोबांचा डीलर आणि आमचा गोडबोल्या यांच्यामध्ये आणखी कोणकोणाच्या हातून गाडी गेली ते कागदावर नव्हतंच. मध्ये घेणारे स्वतःच्या नावावर नोंदणीच करत नाहीत. करारातल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं, फोन बंद. मी पुन्हा त्या खेड्यात गेलो तर अंगण रिकामं, घरमालकाने जागा महिन्याच्या भाड्याने दिली होती म्हणे. पोलिसांत तक्रार नोंदवली, काही महिन्यांनी तपास थांबवल्याचं पत्र आलं.

तुम्ही अशी गाडी बघत असाल तर एक फोन किंवा एक पत्र, तेही पैसे देण्याआधी. ब्रीफवरच्या नावाला. विक्रेता ‘त्यांना त्रास नको’ म्हणाला की तिथूनच परत फिरा. जुने ट्यूफ अहवाल मागा, प्रत्येकावर किलोमीटर असतात. नसतील तर का नाहीत? सोळा वर्षांच्या गाडीत आपण चांदणी घेत नसतो, आधीच्या माणसाचा हात घेत असतो. माझ्या गाडीवरचा हात चांगला होता, मी तो सोडून मधल्याचा धरला.

आई-बाबा आले तेव्हा आम्ही भाड्याची गाडी घेतली. बाबांनी मर्सिडीजबद्दल एकदाही विचारलं नाही, म्हणजे मामांनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं.

मार्चमध्ये ती विकली, १,९०० युरोला. जाहिरातीत सगळं लिहिलं : खरे किलोमीटर, फुगे, ब्रेक. करारासोबत आजोबांच्या पत्राची प्रत जोडली. घेणारा मुलगा गॅरेजमध्ये शिकाऊ होता, पंचविशीचाही नसेल. दहाला येतो म्हणाला होता, पावणेआठलाच बेल वाजली. मी चप्पल घालून खाली आलो तेव्हा तो मागून बसलेल्या गाडीपुढे उभा होता, हातमोजा काढून तळवा बॉनेटवर ठेवलेला.

“गार आहे,” तो म्हणाला, आणि मगच त्याने मला गुड मॉर्निंग केलं.