लोकेटर अटॅचमेंट : खालच्या कवळीसाठी माझी पहिली पसंती

खालची कवळी हलते, ही आमच्याकडची रोजची तक्रार. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. खाली मात्र झिजलेली हिरडी आणि सतत हलणारी जीभ, त्यामुळे भाकरीचा घास चावतानाच कवळी उचलली जाते. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी अशा जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची (जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूंवरची) कवळी हाच पहिला पर्याय मानावा असं सांगितलं, आणि कराडच्या दवाखान्यात काम करताना मला ते पुरेपूर पटतं. प्रश्न उरतो कवळीला इम्प्लांटवर धरून ठेवणाऱ्या जोडाचा. माझं मत झेस्ट कंपनीच्या लोकेटरला. त्याचा ॲबटमेंट हा भाग इम्प्लांटवर बसतो, आणि कवळीच्या आतल्या टोपीतलं नायलॉनचं इन्सर्ट त्याला पकडतं.

एक तर तो बुटका आहे. बॉल अटॅचमेंटला (गोल डोक्याच्या जोडाला) उंची जास्त लागते, मग नेमकं तिथलंच ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, पातळ होऊन कवळी तडकते.

खरा फायदा रंगीत नायलॉन इन्सर्टचा. निळ्याची पकड साधारण 680 ग्रॅम, गुलाबीची 1360, पारदर्शकाची 2270. मी निळ्यापासूनच सुरुवात करते. दुसऱ्या दवाखान्यात पारदर्शक इन्सर्ट घालून दिलेल्या एक आजी आल्या होत्या. "डॉक्टरबाई, ही निघंनाच की वो, बोटं दुखत्यात." संधिवाताने वाकडी झालेली बोटं, काय ओढणार? कोअर टूल या लोकेटरच्या अवजाराने जुनं इन्सर्ट काढून निळं दाबलं. आजींनी माझ्यासमोरच कवळी काढली, घातली, पुन्हा काढली. नवी कवळी करावी लागली नाही, ही या जोडाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

तोंडातच पिकअप करणार असाल, म्हणजे टोपी पेशंटच्या तोंडातच कवळीत चिकटवणार असाल, तर ॲबटमेंटभोवतीची पांढरी रिंग विसरू नका. कोल्ड क्युअर (उष्णतेविना घट्ट होणारं) ॲक्रिलिक ॲबटमेंटच्या खाचेखाली उतरलं, की कवळी तिथेच अडकते आणि पेशंट घाबरतो.

उणीवही सांगते. ॲबटमेंटच्या माथ्यावरच्या खड्ड्यात अन्न साचतं, आणि आमच्या भागात मिश्रीसुद्धा. ती घट्ट बसली की कवळी पूर्ण खाली जात नाही. "कवळी सैल झाली" म्हणून आलेल्यांचा खड्डा मी आधी साफ करते, इन्सर्टला नंतर हात लावते. घरी मऊ ब्रशने तो रोज घासायला शिकवाच. कवळी ब्लीचच्या पाण्यात ठेवू देऊ नका, त्याने नायलॉनची पकड जाते. इन्सर्ट झिजतं आणि बदलावं लागतं, हे पैसे ठरवतानाच पेशंटला सांगावं.

इम्प्लांट 10 अंशांपेक्षा जास्त कललेलं असेल तर ही नेहमीची, मधला खुंट ॲबटमेंटच्या खड्ड्यात जाणारी इन्सर्ट लवकर खराब होतात. तिथे तो खुंट नसलेली हिरवी, नारिंगी किंवा लाल वापरा.

ॲबटमेंटची ऑर्डर देताना इम्प्लांटची कंपनी, प्लॅटफॉर्म (इम्प्लांटच्या माथ्याचं माप) आणि हिरडीची जाडी, तीही सर्वांत जाड बाजूची, लिहून द्या. कफ (ॲबटमेंटचा हिरडीतून वर येणारा भाग) कमी उंचीचा आला तर खाच हिरडीत बुडते आणि इन्सर्ट नीट बसत नाही.