स्वस्तातली ई-सायकल, किट की छोटी इलेक्ट्रिक स्कूटर?

येळ्ळूर, मच्छे, कंग्राळी, हिंडलगा या गावांतून बेळगावात किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला येणाऱ्यांचं रोजचं अंतर एका बाजूनं साधारण दहा किलोमीटरच्या आतलं. पेट्रोल परवडत नाही म्हणून इलेक्ट्रिककडं वळायचं तर तीन पर्याय आहेत. तयार ई-सायकल, घरच्या सायकलीला मोटरचं किट, नाहीतर लायसन न लागणारी छोटी स्कूटर. पेडल मारायची तयारी असेल तर तयार ई-सायकलच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तयारी नसेल तर सायकलीत पैसे घालू नका.

कारण बॅटरीचा हिशोब. 25 ते 35 हजारांच्या सायकलीला सहसा 36 व्होल्टची, सहा ते आठ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी येते. 7.8 अँपिअर-अवरची धरली तर सुमारे 280 वॉट-अवर. पेडल मारत गेलात की किलोमीटरला आठ-दहा वॉट-अवर जातात, म्हणजे तीसएक किलोमीटर निघतात. नुसता थ्रॉटल पिळत बसलात तर वीसच्या आसपास संपलं. चढाला तर पाय लावावेच लागतात. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो वजन असेल, तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 15 च्या वेगाला 200 वॉटच्या वर ताकद लागते. 250 वॉटच्या मोटरकडं मग फारसं काही उरत नाही. कपिलेश्वर उड्डाणपुलावर चढताना मोटरचा आवाज खाली बसला की मग पेडल मारून उपयोग नाही, वेग गेलेला असतो. पायथ्यापासूनच पाय चालू ठेवायचे. खरेदीआधी चालवून बघायची तर तिथंच बघा, दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर काही कळत नाही.

चार्जिंगला एका वेळी जेमतेम एक तृतीयांश युनिट लागतं. कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेच्या मर्यादेत बसणाऱ्या घराला ते जाणवणारही नाही. खरा खर्च काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा. तिची आजची किंमत घेतानाच दुकानदाराकडून लिहून घ्या.

किट स्वस्त पडतं, पण ते कुठल्या सायकलीला बसवताय यावर सगळं आहे. दांड्याच्या ब्रेकची जुनी काळी सायकल 25 च्या वेगाला थांबत नाही, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा लिव्हरही तिला सरळ बसत नाही. चांगल्या ब्रेकची, जाड स्पोकची सायकल असेल आणि हातात पाना धरायची सवय असेल, तर मात्र किट उत्तम. उद्यमबागेतल्या टर्नर-फिटरांना मी हेच सांगेन. मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर गेला तर तेवढाच बदलता येतो, कंपनीच्या पार्टची वाट बघावी लागत नाही.

छोट्या स्कूटरवर पिशव्या मावतात, बसायला आराम आहे. पण बॅटरी संपली की ते धूड ढकलतच न्यावं लागतं, आणि मागं माणूस बसवला तर चढाला दम तुटतो. लेड-ॲसिड बॅटरीची तर घेऊच नका.

250 वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर नोंदणी नाही, लायसन नाही. नियम केंद्राचा, त्यामुळं सीमेच्या अलीकडं-पलीकडं एकच. बाचीवरून शिनोळीला किंवा निपाणीहून कागलला कामाला जाणाऱ्याला केए 22, केए 23 की एमएच 09 हा प्रश्नच येत नाही. वाहनं तपासणाऱ्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेचं प्रमाणपत्र मागा. कोणी वेग वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. वेग वाढवला की ती कायद्यानं मोटार वाहन होते, आणि अपघात झाला तर विमा नाही, कागद नाही.

पावसाळ्यात येळ्ळूर-वडगाव शिवारातली काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधे गच्च बसते. चाक अडतं आणि बॅटरी फुकट जाते. मडगार्डमधे बोटभर फट हवी. धुताना चाकाच्या हबवर, म्हणजे मोटर असते तिथं, प्रेशरचं पाणी नको. बॅटरी काढून घरात नेता येते का, हे आधी बघा.

पंक्चर काढायला मागचं चाक खोलायचं म्हणजे मोटरची वायर आली. पंक्चरवाल्याला चाक न काढता एका बाजूनं ट्यूब ओढून काढायला सांगा. काढावंच लागलं तर कनेक्टरवरचे दोन बाण समोरासमोर आणूनच तो सरळ दाबा. पिळला तर आतल्या पिना वाकतात.

खानापूरहून जांबोटीकडं रोज जाणार असाल तर या तिन्हीतलं काही घेऊ नका, अंतर आणि पाऊस दोन्ही जास्त. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत. बस वेळेवर येत असेल आणि स्टॉप जवळ असेल, तर त्यांनी हे पैसे खर्चायचं कारण नाही. कामाची पाळी सुटते तेव्हा बस नसेल तर ई-सायकल जरूर बघावी, कमी उंचीच्या दांड्याची आणि पुढं मोठा लाइट असलेली.