डबी होती, फायबर नव्हतं

घर बघायला गेलो तेव्हा नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या, आणि इंटरनेटचंही विचारलं. म्हणजे मी अगदीच गाफील नव्हतो. दलालाने हॉलच्या कोपऱ्यातली पांढरी डबी दाखवली. "फायबर थेट घरात आलंय साहेब, फक्त राउटर लावायचा." वर खिशातून मोबाइल काढून स्पीड टेस्टही करून दाखवली. आकडा दोनशेच्या पुढे गेला. मी खूश.

घर रिकामं, राउटर नाही, मेन स्विच बंद. मग ते वाय-फाय येत होतं कुठून? हा प्रश्न मला दोन महिन्यांनी, आंघोळ करताना पडला. तो आकडा त्याच्या मोबाइल डेटाचा होता.

तसं मी कंपनीच्या संकेतस्थळावरही पत्ता टाकून पाहिला होता. 'सेवा उपलब्ध' असं हिरव्या अक्षरात आलं. ते उत्तर परिसरापुरतं असतं, तुमच्या दारापुरतं नसतं, हे तेव्हा कोणाला माहीत! कंपनीचा माणूस म्हणाला, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरा, जोडणी मोफत. भरले.

सामान हलवल्यावर टेक्निशियन आला. त्याने डबी उघडली, आत काहीच नाही. मग जिन्यातली पेटी उघडली. तिथल्या स्प्लिटरला, म्हणजे एका फायबरचे अनेक फाटे करणाऱ्या उपकरणाला, आठ पोर्ट (एका घराला एक खाच), आठही भरलेले. एकाच फायबरवर असे स्प्लिटर टप्प्याटप्प्याने लावून ३२ किंवा ६४ घरं चालवतात. त्यामुळे रस्त्यावरून फायबर गेलं म्हणजे तुमच्या वाट्याला पोर्ट उरलाच असेल असं नाही. तो बिचारा सरळ बोलला: "नवीन स्प्लिटर मंजूर झाल्याशिवाय काही होणार नाही."

खरी फसवणूक यानंतर झाली. विक्रीवाल्याचा फोन आला. "तोवर तात्पुरती सोय करून देतो, तुमचं काम अडायला नको." एक छोटा राउटर आला, आत सिमकार्ड. देणाऱ्याने ओटीपी मागितला. मला वाटलं, वस्तू मिळाल्याचा असेल. दिला. त्या क्षणी त्यांच्या नोंदीत माझी जोडणी 'पूर्ण' झाली, पैसे परत मागायचा मार्ग बंद झाला, आणि स्प्लिटरची मागणी कोणी पुढे पाठवलीच नाही. पुढे तो मेसेज नीट वाचला तर त्यात लिहिलेलंच होतं की हा क्रमांक दिल्यास जोडणी समाधानकारक असल्याचे मान्य आहे. वाचला कोणी?

सिमच्या राउटरवर सकाळी ठीक चालायचं. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की अपलोड एक एमबीपीएसच्याही खाली. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठायचा. तक्रार केली की एकच उत्तर: "सर, प्लॅनमध्ये १०० एमबीपीएस'पर्यंत' असं लिहिलंय." या 'पर्यंत'मध्ये शून्यही बसतं. (आणि पूर्ण १०० मिळाले तरी ते मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरवताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसणार. यावरही मी एकदा उगाच भांडलो होतो.)

आता कोणी घर बदलतंय म्हटलं की मी आधी त्याला त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्याची बेल वाजवायला लावतो. रात्री नऊच्या सुमारास, त्यांच्या राउटरला लॅपटॉप केबलने जोडून, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही बघ म्हणतो. टोकन देण्याआधी विक्रीवाल्याला नाही, टेक्निशियनला बोलवायचं आणि दोनच गोष्टी विचारायच्या: पोर्ट मोकळा आहे का, आणि फायबर घरात असेल तर त्यातून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर त्याच्या मीटरवर किती दिसते. साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएममध्ये (हे त्या पॉवरचं माप) असावी. उणे २७ च्या काठावर असेल तर सिग्नल क्षीण, पुढे कटकट ठरलेली. तांब्याची टेलिफोन लाइन असेल तर एक्स्चेंज किंवा रस्त्यावरची कॅबिनेट किती लांब आहे ते विचारायचं, कारण अंतर वाढलं की वेग पडतोच. पैसे आगाऊ भरायचे नाहीत, आणि ओटीपी देण्याआधी अख्खा मेसेज वाचायचा.

माझं पुढे काय झालं? तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू गेले, एक पोर्ट सुटला. तोच टेक्निशियन आपणहून फोन करून आला आणि तासाभरात लाइन सुरू करून गेला. डबी मात्र नवी लावावी लागली. जुनी नुसती टेपने चिकटवलेली होती, तिच्यामागे भिंतीला भोकच नव्हतं.