टेलिफोन खात्यात 33 वर्षं काढली, पहिला स्मार्टफोन मात्र आत्ता : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी कराडला जाऊन फोन आणला, त्याला आता आठ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या किमतीचे चार-पाच फोन जवळपास सारखेच आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या कुठल्याही फोनवर होईल. 13 हजार रुपये, 6 जीबी रॅम, 128 जीबी जागा, 5000 एमएएचची बॅटरी, 6.7 इंची पडदा. त्याआधी बटणांचा फोन होता. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको. शेवटपर्यंत तोच ठेवायचा असं माझं पक्कं होतं.

त्याचं कारण माझी नोकरी. 1986 साली टेलिफोन खात्यात लागलो, बहुतेक वर्षं पाटण तालुक्यात लाइनमन म्हणून काढली. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागला की फॉल्टची रांग लागायची. केबलच्या जोडात पाणी शिरायचं, झाड पडून वायर तुटायची, रात्री अकराला कोणीतरी दारात उभा, की दवाखान्याची लाइन डेड आहे, चला. आमच्या गावात सी-डॉटचं, म्हणजे सरकारी संस्थेनं देशातच घडवलेलं, 128 लाइनींचं एक्स्चेंज आलं तेव्हा लोक नारळ घेऊन बघायला आले होते. एसटीडी बूथवर रात्री दर उतरल्यावर उभ्या राहिलेल्या रांगा मी पाहिल्यात. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण 33 वर्षं हाक आली की उठायचं म्हणजे अंगातच एक सावधपणा मुरतो, झोपेतसुद्धा घंटा वाजल्याचा भास होतो. जानेवारी 2020 अखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ठरवलं, की चोवीस तास बोलावणारी वस्तू आता खिशात ठेवायची नाही. मुलीनं दोनदा फोन आणून दिला, दोन्ही वेळा परत पाठवला.

मग सौ.च्या कानांचं सुरू झालं.

एकदम काही झालं नाही. आधी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायला लागली. मग मुलीशी फोनवर बोलताना नुसतं "हो, हो" म्हणायची आणि ठेवल्यावर मला विचारायची, काय म्हणाली हो ती? पुढं तर फोन वाजला की माझ्याकडेच द्यायची. कीर्तनाला जाणं बंद केलं. गुडघ्याचं कारण सांगायची, आणि मला ते खरं वाटलं, याचं आजही वाईट वाटतं. शेवटी सातारला तपासणी केली. तिथं जो आलेख काढतात, ऑडिओग्राम, तो तिचा डाव्या टोकाला, जाड आवाजांकडे, बरा आणि उजव्या टोकाला, बारीक आवाजांकडे, उतरत गेलेला होता. म्हणजे जाड आवाज येतात, बारीक आवाज गेलेत. स, श, फ ही अक्षरं त्या बारीक आवाजांतच असतात. 'सात' म्हटलं की तिला 'आत' ऐकू येतं.

मला ते तिथल्या तिथं समजलं, कारण आमच्या लाइनीचंही तसंच असायचं. साध्या टेलिफोनवरून 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक). बोलणं कळायला तेवढं पुरतं म्हणून तो पट्टा ठरलेला. 'स'चा मोठा भाग त्याच्या वर असतो, म्हणून तर आपण फोनवर नाव सांगताना "स, सशाचा" असं फोडून सांगतो. निरोगी कान गाळलेलं मनानं भरून काढतो. जिच्या कानातूनच ते अक्षर गेलंय तिला आपण गाळलेला आवाज पुन्हा गाळून देत होतो. आयुष्यभर ज्या लाइनी मी जोडल्या त्यांवरून माझ्या बायकोला काही कळत नव्हतं.

कानातली मशिनं घेतली. घरात दोघंच समोरासमोर असलो तर त्यांचा चांगला उपयोग होतो. चार माणसं एकदम बोलायला लागली किंवा पंखा जोरात असला की सगळं एकात एक मिसळतं. हे तपासणाऱ्या मुलीला सांगितल्यावर तिनं स्वतःचा फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, आता बोला." सौ. म्हणाली, "काय बोलू?" आणि पडद्यावर मराठीत 'काय बोलू' अशी अक्षरं उमटली. मग ती मुलगी तोंडावर हात धरून बोलायला लागली आणि सौ. पडद्यावर वाचून उत्तरं देत राहिली. दहा मिनिटं. एवढा वेळ परक्या माणसाशी अडखळल्याशिवाय बोललेली मी तिला दोन-तीन वर्षांत पाहिली नव्हती.

तरीही मी पंधरा दिवस घालवले. मग पाडवा आला.

ते ॲप म्हणजे गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब. फुकट आहे, 2019 साली आलं. ते तयार करणाऱ्यांत दिमित्री कानेव्स्की नावाचे संशोधक आहेत, त्यांचं स्वतःचं ऐकणं लहानपणीच गेलेलं. हे वाचल्यावर मला ग्रॅहम बेल आठवला. प्रशिक्षणात आम्हाला 1876 चं पेटंट तेवढं शिकवलं होतं. बेलची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं आणि तो मुळात बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे टेलिफोन शोधणाऱ्याच्या बायकोला टेलिफोनवर नवऱ्याचा आवाज कधीच ऐकू आला नसणार. हा विचार मनात आला की मी अजून थांबतो.

आता प्रत्यक्ष वापर. फोन जेवणाच्या ताटाशेजारी लाकडी स्टँडवर उभा असतो, अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत. मी स्वच्छ बोललो तर बहुतेक बरोबर येतं, एखादा शब्द चुकला तरी मागच्या-पुढच्यावरून तिला कळतं. आमच्या बाजूची बोली मात्र त्याला झेपत नाही. माझा भाऊ "गेलतू", "आलाया" असं बोलतो, तिथं भलतेच शब्द येतात. आडनावं आणि वाड्यांची नावं चुकतात. दोघं एकदम बोलले तर कोण काय म्हणालं ते वेगळं दाखवत नाही, सगळं एका ओळीत येतं. घरात त्यामुळं एकेकानं बोलायची सवय लागली आणि दिवाळीला सगळी जमली तेव्हा नातवंडांनीसुद्धा ती पाळली. धाकटा तर बोलायच्या आधी फोनजवळ येऊन उभा राहायचा.

नेटशिवाय हे चालत नाही, निदान आमच्या फोनवर मराठीत तरी नाही. रेंज गेली की अक्षरं थांबतात. आमचं घर जुनं, दोन फुटी दगडी भिंती. सेटिंगमध्ये सिमची माहिती उघडली की सिग्नल किती ते उणे आकड्यात दिसतं (उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी), ते सापडल्यावर मी घरभर हिंडून मोजमाप घेतलं. पडवीत उणे 86 डीबीएम, माजघरात उणे 114. म्हणजे जिथं आम्ही बसतो तिथंच सगळ्यात वाईट. शेवटी फायबर घेतलं. रोझेट, म्हणजे टेलिफोनची वायर जोडायची भिंतीवरची डबी, तिच्या जुन्या जागीच त्याचं मशीन लावलंय, वायफाय सगळीकडे येतं. मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा बाहेर गेल्यावर लागतो तेवढाच. ज्यांच्या घरी अशी भिंतींची अडचण आहे त्यांनी फोन घ्यायच्या आधी हे बघावं. फोन बदलून हा प्रश्न सुटत नाही.

फोनवरच्या बोलण्यातही फरक पडलाय. 4जीवरचा एचडी आवाज 7000 हर्ट्झपर्यंत जातो, व्हॉट्सॲप कॉलही नेट चांगलं असेल तर जुन्या लाइनीपेक्षा मोकळा ऐकू येतो. त्यात व्हिडिओवर ओठ दिसतात. मुलीनं तिकडं उजेडाकडे तोंड करून बसायचं, हळू नाही पण तोडून बोलायचं, एवढं केलं की सौ. आता वीस-वीस मिनिटं बोलते. ठेवल्यावर मला काही विचारत नाही, उलट मलाच सांगते काय झालं ते.

एक चूक माझ्याकडून झाली ती लिहितो. पहिले दोन महिने मी स्वतः त्या फोनमध्ये गुंतलो. जुन्या सहकाऱ्यांचे गट, बातम्या, एकामागून एक व्हिडिओ. टण् वाजलं की हात जायचाच, अंगातली जुनी सवय. एक दिवस सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही मान खाली घालून बोलता, मला तुमचं तोंडच दिसत नाही." ती ओठ वाचते. मी फोनमध्ये बघत उत्तर दिलं की तिच्यापुरतं मी काहीच बोललेलो नसतो. त्या रात्री बसून सगळ्या सूचना बंद केल्या. आता फक्त कॉल आणि मुलीचे संदेश वाजतात. रात्री साडेनऊनंतर डू नॉट डिस्टर्ब, त्यातून मुलगी आणि भाऊ असे दोनच नंबर सुटतात. माझा निवृत्तीच्या वेळचा हट्ट खरा कशाबद्दल होता हे मला या सेटिंगनं दाखवलं. कोण हाक मारू शकेल हे ठरवायचा अधिकार मला नोकरीत कधी नव्हता, इथं तो आहे.

पैशांच्या बाबतीत भीती होती. यूपीआयला वेगळं बचत खातं ठेवलंय, त्यात पाच हजारांच्या वर रक्कम नसते. केवायसी बंद होणार म्हणून दोन फोन आले, दोन्ही तसेच ठेवून दिले. फसवणूक झालीच तर 1930 हा नंबर लगेच फिरवायचा, तो कागदावर लिहून कपाटाला लावलाय. सातबारा घरबसल्या काढता येतो, त्याचे 15 रुपये पडतात. तलाठी कार्यालयात त्यासाठी घालवलेले दिवस आठवले.

एका गोष्टीची मला काळजी होती. ट्रंक कॉलच्या काळात ऑपरेटरला लोकांचं बोलणं कानावर पडायचं, पण ते तोंडातून बाहेर काढायचं नाही ही खात्याची शिस्त होती. इथं घरातलं बोलणं अक्षरं व्हायला बाहेर जातं. गुगलचं म्हणणं, ते तिकडे साठवत नाहीत. फोनमध्ये तीन दिवस मजकूर ठेवायची सोय आहे, ती मी बंद ठेवलीय. पैशांचं किंवा घरातलं नाजूक काही बोलायचं असलं तर आम्ही पाटी-पेन्सिल घेतो.

फोनचे दोष विचाराल तर उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि न मागता जाहिराती येतात. काही सेटिंगमधून घालवल्या, काही अजून येतात. हे ॲप चालू असताना पडदा सतत पेटलेला राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, बटणांच्या फोनचे चार दिवस आता विसरायचे. कॅमेऱ्याबद्दल लिहिण्याइतका तो मी वापरलेला नाही.

आषाढी एकादशीला सौ. कीर्तनाला आली. चार वर्षांनी. आधी आम्ही नेहमीसारखे मागं बसलो, तिथं स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून घुमत होता आणि पडद्यावर अर्धवट शब्द येत होते. उठून पुढं, बुवांच्या डाव्या हाताच्या स्पीकरजवळ गेलो. अभंग टाळ-मृदंगाबरोबर चालला असताना काहीच धड येत नाही, पण अभंग तिला पाठच आहेत, तिला अक्षरांची गरज नव्हती. निरूपण सुरू झालं आणि ओळी सरकायला लागल्या. जुने शब्द चुकत होते, 'पांडुरंग' मात्र प्रत्येक वेळी बरोबर आला. बुवांनी एक दृष्टांत सांगितला, मंडप हसला, आणि सौ. सगळ्यांच्या मागून दोन क्षणांनी हसली. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. ती तशीच वाचत राहिली.

निरूपण संपायच्या आधी बॅटरी संपली. दत्तजयंतीचा सप्ताह आता आठवड्यावर आलाय, रोज रात्री नऊ ते अकरा कीर्तन. काल कराडहून 10,000 एमएएचची पॉवर बँक आणली. सौ.नं तिला जुन्या साडीच्या काठाची पिशवी शिवलीय, गळ्यात अडकवता येईल अशी.