टायनीलेव्ह : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ब्रिस्टल विद्यापीठातील आसियर मार्झो, एड्रियन बार्न्स आणि ब्रूस ड्रिंकवॉटर यांनी २०१७ साली ज्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला, ते टायनीलेव्ह हे ध्वनितरंगांवर कण तरंगवणारे उपकरण मी सुट्या भागांचा संच मागवून जोडले, त्याला आठ महिने झाले. अकरावी-बारावीला स्थिर तरंग शिकवताना निस्पंद बिंदू (जेथे तरंगाचे कंपन जवळपास शून्य असते) फळ्यावर काढून दाखवावा लागतो. येथे तो डोळ्यांना दिसतो, आणि तेवढ्यासाठी हा खर्च मी पुन्हा आनंदाने करीन.

समोरासमोरच्या दोन वाट्यांत प्रत्येकी ३६, असे ७२ ट्रान्सड्यूसर (विजेच्या संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारे छोटे घटक) ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतात. हवेत त्याची तरंगलांबी सुमारे ८.६ मिलिमीटर असल्यामुळे दर ४.३ मिलिमीटरवर एक निस्पंद तयार होतो आणि थर्माकोलचे बारीक मणी तेथे एकाखाली एक अधांतरी थांबतात.

जोडणीत खरी कसोटी ध्रुवतेची, म्हणजे प्रत्येक ट्रान्सड्यूसरचे धन आणि ऋण टोक योग्य बाजूला बसवण्याची आहे. पहिल्या संध्याकाळी एकही मणी टिकेना. एक ट्रान्सड्यूसर चालू ठेवून त्यासमोर बाकीचे एकेक धरून ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेताचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहिले, तेव्हा नऊ ट्रान्सड्यूसरवरील ध्रुवतेची खूण चुकीच्या टोकाला छापलेली आढळली. उलटा बसलेला ट्रान्सड्यूसर शेजाऱ्यांचा ध्वनी वाढवण्याऐवजी खोडतो, म्हणून ही तपासणी डाख देण्याआधीच करावी. मला सगळे डाख पुन्हा सोडवावे लागले.

मणी बोटांनी ठेवू नये, कारण बोटांवरून ध्वनी परावर्तित होऊन क्षेत्र बिघडते. बारीक जाळीवर ठेवून जाळी अलगद खाली काढून घेतली की तो जागीच राहतो. पाण्याचा थेंब सिरिंजने सोडता येतो, मात्र व्होल्टेज जास्त असेल तर तो चकतीसारखा चपटा होऊन फुटतो. वर्गातला पंखा बंद ठेवावाच लागतो. ट्रान्सड्यूसरना संकेत पुरवणारे ड्रायव्हर सर्किट बरेच तापते, म्हणून मी सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते कण हलवणे. बटण दाबले की एका वाटीच्या संकेताची कला (आवर्तनातील त्याचे स्थान, अंशांत मोजलेले) दुसरीच्या तुलनेत सरकते, आणि पूर्ण ३६० अंश सरकली की मणी बरोबर अर्धी तरंगलांबी चढतो किंवा उतरतो. विद्यार्थी हे अंतर पट्टीने मोजतात आणि त्यावरून ध्वनीचा वेग काढतात. आडवी हालचाल मात्र यात शक्य नाही, कारण एका वाटीतील सर्व ट्रान्सड्यूसरना एकच संकेत मिळतो. त्यासाठी प्रत्येकाची कला स्वतंत्रपणे बदलणारी रचना घ्यावी लागेल.