ठाण्यातील घरपोच पॅलिएटिव्ह सेवा : एका कुटुंबाचा अनुभव

फुप्फुसाचा कर्करोग हाडांत आणि यकृतात पसरल्यावर आम्ही माझ्या मोठ्या मामांसाठी ठाण्यातील एका लहानशा संस्थेची घरपोच पॅलिएटिव्ह सेवा (आजार बरा करण्यापेक्षा वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणारी शुश्रूषा) घेतली आणि ती त्यांच्या अखेरीपर्यंत, नौपाड्यातील त्यांच्याच घरी, चालू राहिली. उणिवांविषयीही लिहायचे असल्याने संस्थेचे नाव देत नाही.

ज्या रुग्णालयात केमो चालू होती, तिथे दोन औषधे निष्फळ ठरल्यावर तिसरे सुचवले गेले. त्याने नेमके काय साधेल, हे मात्र कोणी सांगितले नाही. या संस्थेच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत आम्हा नातेवाइकांकडे पाठ करून थेट मामांना विचारले की, तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे. मग केमोसाठी होणारी ये-जा, रक्ताच्या तपासण्या, श्वास कमी पडला तर लागणारा व्हेंटिलेटर आणि त्यावरून परत येण्याची अत्यल्प शक्यता, हे सारे त्यांनी न घाबरवता सांगितले. मामा म्हणाले, "परत घरी आणणार असाल, तरच दवाखान्यात न्या." डॉक्टरबाईंनी हे वाक्य जसेच्या तसे फाइलवर उतरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेला आणि जानेवारी 2023 मध्ये सोपा केलेला आगाऊ वैद्यकीय निर्देशही, म्हणजे पुढे स्वतः सांगता येईनासे झाल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, त्यांनीच सुचवला. आता त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

मामेभावाला ही सेवा घेणे म्हणजे उपचार सोडून देणे वाटत होते, आणि त्याची शंका गैर नव्हती. डॉक्टरबाईंनी त्याला 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाची माहिती दिली. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे नुकतेच निदान झालेल्या 151 रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच ही सेवा मिळाली, त्यांच्यावर अखेरच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले, तरीही त्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 11.6 महिने भरले, इतरांचे 8.9. तुम्ही उशिरा आला आहात, त्यामुळे हा आकडा तुमच्यासाठी आश्वासन समजू नका, हेही त्यांनी लगेच बजावले, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथेच बसला.

रोजची शुश्रूषा उत्तम होती. मॉर्फीनच्या गोळ्या दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायच्या, दुखण्याची वाट पाहायची नाही, आणि बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत चालू ठेवायचे, हे नर्सने मामींकडून वदवून घेतले. मॉर्फीन म्हणजे शेवट जवळ आला, ही आमची समजूत मामा पुन्हा पाटावर बसून जेवू लागल्यावर गळून पडली. धाप लागली की चेहऱ्यावर वारा येईल असा टेबलफॅन ठेवण्याचा साधा उपायही चांगलाच उपयोगी पडला. अखेरीस भूक गेल्यावर आम्ही सलाइनचा आग्रह धरला. त्याने छातीत पाणी साठून त्रास वाढू शकतो, हे नर्सने शांतपणे समजावले आणि ओल्या कापसाने ओठ भिजवायला शिकवले.

मोठी उणीव रात्रीची आहे. माहितीपत्रकात चोवीस तास सेवा लिहिलेली असली, तरी रात्री फक्त फोनवर सल्ला मिळतो. एकदा मध्यरात्री मामांची तगमग वाढली, तेव्हा फोनवरच्या सूचनेनुसार आम्ही जिभेखाली गोळी दिली. नर्स उजाडल्यावर आली. गोळीने आराम पडला, म्हणून रुग्णवाहिका बोलवावी लागली नाही इतकेच. घरात खंबीर माणूस नसेल, तर रात्रीसाठी वेगळी परिचारिका आधीच ठरवावी.

दुसरी अडचण पैशांची, आणि तिचा दोष संस्थेकडे जात नाही. आयसीयूचे बिल कॅशलेस भरायला तयार असलेल्या मामांच्या विमा कंपनीने घरच्या भेटींचा एक रुपयाही दिला नाही. भेटीचे दर वाजवी होते, पावती दर वेळी मिळाली, आणि मृत्यूनंतर डॉक्टरबाईंनी स्वतः येऊन दाखला दिल्यामुळे जवाहरबाग स्मशानभूमीत कागदपत्रांसाठी खोळंबा झाला नाही. ऐरोलीपलीकडे मात्र ही संस्था जात नाही, त्यामुळे त्यापुढच्या नवी मुंबईकरांना दुसरी सोय पाहावी लागेल.