ससेप्टिबिलिटी मीटरच्या नावाखाली होकायंत्राची चिप विकणाऱ्यांपासून सावध राहा

दगडांची मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी (म्हणजे चुंबकीय क्षेत्रात दगड किती सहज चुंबकित होतो ते) मोजणारं हातातलं मीटर ऑनलाइन जाहिरात बघून, वापरलेलं, घ्यायचा विचार असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला जे विकलं गेलं ते ससेप्टिबिलिटी मीटर नव्हतंच. मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी असते तशी एक चिप, एक स्क्रीन आणि बॅटरी, एवढाच ऐवज नावाजलेल्या यंत्रासारख्या दिसणाऱ्या खोक्यात बसवला होता. विकणाऱ्याला हे पुरतं माहीत होतं. चोरी पकडली जाऊ नये म्हणून त्याने सोबत तपासणीची (ठरलेला आकडा येतो का ते बघायची) खोटी तबकडीही बनवून दिली होती.

मला मीटर हवं होतं ते ग्रॅनाइटच्या कामासाठी. जपानी भूशास्त्रज्ञ इशिहारा यांनी १९७७ मध्ये ग्रॅनाइटचे दोन गट मांडले, मॅग्नेटाइट (जोरदार चुंबकीय लोहखनिज) असलेली मॅग्नेटाइट सिरीज आणि ते जवळपास नसलेली इल्मेनाइट सिरीज. तांबं आणि मॉलिब्डेनमचे साठे बहुतेक पहिल्या गटाजवळ सापडतात, कथील आणि टंगस्टनचे दुसऱ्या. दोघांमधली सीमा साधारण ०.००३ एसआयला (आजच्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत) धरतात. दगडात आकारमानाने १ टक्का मॅग्नेटाइट असेल तर रीडिंग ०.०३ च्या आसपास येतं, म्हणजे ही सीमा हजारात एक भाग मॅग्नेटाइटवर ठरते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, मीटरला काही सेकंदांत दिसतो. म्हणूनच चुकीच्या मीटरने होणारं नुकसान यंत्राच्या किमतीपुरतं राहत नाही. त्या आकड्यांवर नकाशा बनतो आणि नकाशावर पुढचं ड्रिलिंग ठरतं.

जाहिरातीत फोटो खऱ्या यंत्राचे होते. विकणाऱ्याचं म्हणणं, एका बंद पडलेल्या प्रकल्पाचं सामान आहे, फारसं वापरलेलं नाही. त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात यंत्र हवेत धरून शून्य केलं, मग एका गोल तबकडीवर टेकवलं, आणि तबकडीवर छापलेलाच आकडा स्क्रीनवर उमटला. मग मॅग्नेटाइटचा एक गोळा, त्यावर आकडा भरपूर वर गेला. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटही होतं. यंत्र आल्यावर मी तीच तपासणी केली आणि तेच आकडे आले, तिसऱ्या दशांशापर्यंत. क्वार्ट्‌झवर शून्य आलं, तेही बरोबर वाटलं, कारण क्वार्ट्‌झची ससेप्टिबिलिटी उणे आणि इतकी कमी असते (उणे ०.००००१४ च्या जवळपास) की तीन दशांशांच्या स्क्रीनवर ती शून्यच दिसणार.

खरं मीटर कसं चालतं हे माहीत असलं की फसवणूक कुठे आहे ते कळतं, म्हणून इथे जरा थांबते. खऱ्या मीटरच्या तोंडाशी तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्यातून उलटसुलट होणारा प्रवाह जातो, अनेक यंत्रांत सेकंदाला आठ-दहा हजार वेळा. त्यामुळे कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॉइल दगडावर टेकवली की दगड त्या क्षेत्रात किंचित चुंबकित होतो आणि सर्किटची फ्रिक्वेन्सी थोडीशी खाली येते. तो फरक म्हणजे रीडिंग. तापमानाने फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून चांगली यंत्रं आधी हवेत, मग दगडावर आणि पुन्हा हवेत मोजतात. मुख्य गोष्ट ही की यंत्र स्वतः क्षेत्र निर्माण करतं. दगडात आधीपासून असलेलं कायमचं चुंबकत्व स्थिर असतं, म्हणून कॉइलला ते जाणवत नाही. पृथ्वीचं क्षेत्रही जाणवत नाही.

चिपचं काम याच्या नेमकं उलट. ती स्वतः काही निर्माण करत नाही, समोर जे क्षेत्र आहे तेवढं वाचते. म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र आणि दगडाचं कायमचं चुंबकत्व, जे ससेप्टिबिलिटी मोजताना नको असतं, तेच ती दाखवते.

माझ्या हातात फसवणूक आली ती एका डोलेराइट डाइकच्या (भेगेत शिरून थिजलेल्या काळ्या अग्निजन्य दगडाच्या) तुकड्यामुळे. करवतीने कापलेली, दोन्ही बाजू ताज्या आणि सपाट असलेली लादी होती. एका बाजूवर ०.०४१ आलं. तीच लादी उलटी केली, तर ०.०००. पुन्हा उलटी केली, पुन्हा ०.०४ च्या जवळ. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर लगेच आलं: बाजू झिजलेली असेल, मॅग्नेटाइटचं हेमाटाइट (खूप कमी चुंबकीय लोहखनिज) झालं असेल. उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटतं, आणि उघड्यावरच्या दगडाच्या पृष्ठभागावर असं घडतंही. म्हणून तर आपण हातोडीने ताजी बाजू काढतो. पण करवतीतून नुकत्याच निघालेल्या लादीला ते लागू पडत नाही. लाव्हा किंवा डाइक थंड होताना पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा दगडात गोठते. लादी उलटी केली की ती दिशाही उलटते आणि चिपला क्षेत्र उणे दिसतं. या यंत्रात उणे आकडा आला की शून्य दाखवायची सोय केलेली होती.

मग मी तबकडी उलटी केली. लेबलच्या बाजूने आकडा बरोबर, मागच्या बाजूने शून्य. तबकडीच्या कडेला पेपर क्लिप नेली तर ती टचकन चिकटली. आत चुंबक होता. खऱ्या तपासणी तबकडीला क्लिप अशी ओढण्याचं काहीच कारण नाही, आणि ती जाडीने एकसारखी असेल तर दोन्ही बाजूंनी जवळपास एकच आकडा देते.

शेवटी यंत्राचं तोंड उघडलं. कॉइल नाही. गरम गोंदाच्या पिवळट थेंबात बसवलेली काही मिलिमीटरची चौकोनी चिप, तिला चार बारीक वायरी, आणि खोकं हलकं लागू नये म्हणून उरलेल्या जागेत ओतलेला राळेचा गठ्ठा. राळ ओतून वजन जुळवणाऱ्या माणसाने अजाणता काही केलेलं नाही.

ग्रॅनाइटवर घेतलेले आकडे बघून तर मला संताप आवरेना. पृथ्वीचं क्षेत्र ठिकाणानुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतं. शून्य केल्यानंतर दगडावर टेकवताना हात एका अंशाने कलला तरी चिपला जवळपास एक मायक्रोटेस्लाचा फरक दिसू शकतो. बहुतेक ग्रॅनाइटचं स्वतःचं कायमचं चुंबकत्व याहून खूपच कमी क्षेत्र देतं. म्हणजे त्या सगळ्या नोंदी माझ्या मनगटाच्या होत्या, दगडाच्या नव्हत्या. आणि आकडे अगदी खऱ्यासारखे विखुरलेले होते, कुठे ०.००१, कुठे ०.००८, मध्येच शून्य. खरा ग्रॅनाइटही असाच वागतो, त्यामुळे तक्त्याकडे बघून कुणालाही शंका आली नसती. सोबतच्या पत्रकात एक ओळ होती, शून्य केल्यानंतर यंत्राची दिशा बदलू नका. खऱ्या मीटरला दिशेशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या पत्रकात आजूबाजूला धातू नको, हातात अंगठी-घड्याळ नको, पृष्ठभाग सपाट हवा, असल्या सूचना असतात. दिशेची सूचना दिसली की तिथेच थांबा.

आणखी एक नुकसान पैशात सांगता येत नाही. ती तबकडी नमुन्यांच्या पेटीत ठेवली जात होती. तिथेच दिशा नोंदवून काढलेले नमुने होते, त्यांचं जुनं चुंबकत्व पुढे प्रयोगशाळेत मोजायचं होतं. चुंबक टेकला की मॅग्नेटाइटवर नवं चुंबकत्व चढतं. जे नमुने तबकडीला लागून होते त्यांच्यावर आता विश्वास ठेवता येणार नाही. उल्का गोळा करणाऱ्यांनाही ही मीटरं विकली जात आहेत असं त्याच जाहिरातीच्या मजकुरावरून दिसतं. त्यांना हात जोडून सांगते, अशी तबकडी उल्केजवळ नेऊ नका. त्या दगडातली कोट्यवधी वर्षांपूर्वीची नोंद एका स्पर्शात बिघडते.

यंत्र दारात आलं की पैसे सोडण्याआधी ते हवेत धरून शून्य करा आणि सतत मोजण्याच्या स्थितीत ठेवून जागच्या जागी एक फेरी मारा. आकडा मोठ्या प्रमाणात हलला, किंवा अर्ध्या फेरीत वर जाऊन उरलेल्या अर्ध्या फेरीत शून्यावर चिकटून राहिला, तर ती चिप आहे. मग तबकडी आणि एखादा बेसाल्टचा सपाट तुकडा दोन्ही बाजूंनी मोजा. दुरून घेत असाल तर व्हिडिओ कॉलवर हेच करायला सांगा, आधी बनवलेला व्हिडिओ चालणार नाही. माझ्या विकणाऱ्याकडे नंतर एका ओळखीच्यांनी गिऱ्हाईक म्हणून तबकडी उलटी करून दाखवायला सांगितलं, तर त्याने कॉल तोडला. सिरीयल नंबर मागा आणि थेट बनवणाऱ्या कंपनीला विचारा. माझ्या सर्टिफिकेटवर नंबरच्या जागी फक्त मॉडेलचं नाव होतं. जवळच्या भूशास्त्र विभागाकडे ससेप्टिबिलिटी माहीत असलेले नमुने असतील तर तिथे एकदा जुळवून बघा. युनिटही विचारा, कारण जुन्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतल्या आकड्याला १२.५७ ने गुणलं की एसआय आकडा येतो, आणि या गोंधळामागे लपणारे विक्रेतेही असतात.

मोबाइलवर ससेप्टिबिलिटी मोजून देतो म्हणणारी अ‍ॅप्स याच वर्गात मोडतात. मोबाइलचा सेन्सर दगडाला चुंबकित करून बघत नाही, त्यामुळे त्याच्या आकड्याला ससेप्टिबिलिटी म्हणता येत नाही.

विकणाऱ्याने फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून देतो म्हणून काही काळ टोलवलं, मग उत्तर देणं बंद केलं. पैसे व्यक्तीच्या खात्यावर गेले होते, कंपनीच्या नाही. तक्रार नोंदवली आहे. उघडलेल्या यंत्राचे फोटो, तबकडीला चिकटलेली क्लिप आणि दोन्ही बाजूंच्या रीडिंगचा व्हिडिओ तिच्यासोबत जोडला आहे. डोलेराइटची तीच लादी नंतर उसन्या आणलेल्या खऱ्या मीटरवर ठेवली, दोन्ही बाजूंनी ०.०१८ आलं. ग्रॅनाइटच्या सगळ्या नोंदी तक्त्यातून काढून टाकल्या आहेत आणि त्याच जागा पुन्हा मोजणं सुरू आहे. तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने, त्याच फोटोंसह पुन्हा लागलेली आहे.